मानेवरची नाडी

नवी डॉक्टर म्हणजे अगदीच कालची पोर होती. कामाच्या ठिकाणी, कँटीनच्या कोपऱ्यात दोन चादरी बांधून आडोसा केला होता. बाहेर लोक आपापली पाळी येईपर्यंत एकमेकांच्या वजनाची टिंगल करत उभे होते आणि आत ही पोर एका हातात तिचं मनगट धरून दुसऱ्या हाताची बोटं तिच्या जांघेत दाबून बसली होती. बसली ती बसलीच. बोटं जरा वर, जरा खाली, पुन्हा वर. दरवर्षीची तपासणी म्हणजे दंडाला पट्टा गुंडाळायचा, फुस्स करून हवा सोडायची, "प्रेशर जरा जास्त आहे, मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका" म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची, हे तिला पाठ होतं. आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरने वर्षानुवर्षं तेच केलं होतं आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. ही मात्र कपाळाला आठ्या घालून, अंधारात पडलेली किल्ली चाचपावी तशी चाचपत होती.

"काय शोधताय?" तिने विचारलं. आवाजात आणता येईल तेवढा तुसडेपणा तिने आणला.

"नाडी," डॉक्टर म्हणाली. "हाताची चांगली दणदणीत लागतेय. पायाची लागत नाहीये. म्हणजे लागते, पण अगदी बारीक आणि हाताच्या नाडीमागून, उशिरा." मग मान वर करून तिने विचारलं, "लहानपणी पळताना पाय दुखायचे का हो तुमचे?"

"नाही," ती म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. चोरी पकडली गेल्यावर मूल आधी नाहीच म्हणतं, तसं तोंडातून निघून गेलं. मग तिने शर्ट खाली ओढला, बूट चढवले, एकावर एक घातलेले दोन मोजे नीट केले आणि आडोशाबाहेर निघता निघता, डॉक्टरकडे न बघता ती म्हणाली, "हो. दुखायचे." बाहेर उभा असलेला फोर्कलिफ्टवाला तिला हसत म्हणाला, "काय मॅडम, पास की नापास?" त्याच्याकडे तिने असं काही बघितलं की तो पुढे सरकायचाच विसरला.

पुढचं सगळं भराभर झालं. चिठ्ठी, मोठं हॉस्पिटल, पांढऱ्या यंत्राच्या बोगद्यात हात डोक्यावर घेऊन आडवं होणं, श्वास घ्या, धरा, सोडा. आणि आज दुपारी मोठ्या डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर छत्रीची मूठ काढून दाखवली. मूठ कसली, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. ती आधी वर जाते, मानेला, डोक्याला आणि हातांना फाटे देते आणि मग वळून पोटाकडे, पायांकडे उतरते. वळण संपतं तिथे त्यांनी पेन दोन्ही बाजूंनी आत दाबलं. "तुमची इथे चिमटलेली आहे. आज झालेलं नाही हे. आईच्या पोटातच झालंय. चिमट्याच्या वर रक्त धो धो, खाली ठिबकतंय." शरीर मोठं हुशार असतं असंही ते म्हणाले. मोठा रस्ता बंद म्हणून त्याने फासळ्यांच्या खालून गल्लीबोळ काढले, आणि ते बोळ इतके रुंदावले की फासळ्यांना खाली खाचा पडल्यात. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. उंदराने कुरतडल्यासारख्या फासळ्या तिने पाहिल्या. स्वतःच्या आत इतकी वर्षं इतकी मोठी खटपट चालली होती आणि कोणी तिला काडीचाही पत्ता लागू दिला नव्हता, याचा तिला आधी संताप आला. घरातल्या माणसांनीच पाठीमागे कारस्थान करावं, तसा.

"खेळायचात काही?" डॉक्टरांनी सहज विचारलं. तिच्या खांद्यांकडे बघून विचारलं असणार. सगळे तिथेच बघून विचारत.

"गोळाफेक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणी लावलं तुम्हाला त्याला?"

"आईने."

"दम कोंडून जोर लावायचा तो खेळ. तुमचं वरचं प्रेशर त्या क्षणी कुठे गेलं असेल याची कल्पनाही करवत नाही. मेंदूतली एखादी नस तिथल्या तिथे फुटली असती, मैदानावर. नशीबवान आहात." मग ते पुढचं बोलू लागले, की मांडीतून एक बारीक नळी घालून जाळी बसवायची, चिमटा उघडायचा, लवकर करू, तोवर वजन उचलायचं नाही, धावपळ करायची नाही. तिचं लक्ष नव्हतं. तिला आनंद झाला होता. खराखुरा, गरम, ओंगळ आनंद. आईला सांगायला इतकं धारदार काही तिच्या हाती आजवर कधी आलं नव्हतं.

घरी जायला बस होती, पण ती चालत निघाली. संथ चालली तर पाय कुरकुरत नसत. बगलेत फिल्मचं मोठं पाकीट, आणि रस्ताभर लोकांचे पाय. एवढे पाय तिने आयुष्यात कधी पाहिले नव्हते. बस सुटते म्हणून एक पोट सुटलेला माणूस पळत गेला आणि दांडीला लटकला. लटकल्यावर तो हसला सुद्धा. शाळेतून सुटलेल्या दोन मुली पाठीवर दप्तरं उडवत उगाचच, काही कारण नसताना, पळत पलीकडे गेल्या. एक म्हातारा कुत्र्यामागे धापा टाकत पळाला. सगळ्या जगाच्या पायांत रक्त होतं आणि जग ते असं फुकट उधळत होतं. तिला वाटलं, थांबवावं एकेकाला, आडवं पाडावं, जांघेत बोटं दाबून बघावं, आणि लागली नाडी की एक सणसणीत मुस्काटात द्यावी. मग तिला स्वतःचंच हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. असं तिचं नेहमीच होई. राग तिच्यात वरच्या वर फिरायचा. डोकं तापायचं, कानशिलं ठणकायची, कधी नाकातून रक्त यायचं, आणि पावलं मात्र थंडगार.

पावलांच्या थंडगारपणाचं तिला कधी नवल वाटलं नव्हतं, कारण ती काम करायची तिथे सगळ्यांचीच पावलं थंडगार असत. लसी आणि औषधं ठेवायचं शीतगृह. दारात प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा, आत उंच मांडण्या, फोर्कलिफ्टची मागे येतानाची टूं-टूं, भिंतीवर तापमानाचे लाल आकडे. ती पाळीप्रमुख. आत गेलं की दहा मिनिटांत पोरं पाय आपटायला लागायची, आईबापांचा उद्धार करायची, आणि ती म्हणायची, "मला विचारा गार पाय म्हणजे काय ते." पोरांना वाटायचं, मॅडम जुन्या खोडाच्या आहेत. नोकरी धरताना तिच्या मनात असं काही नव्हतं. पण आज चालता चालता तिला वाटलं, शहाण्या जनावराने अंगाच्या रंगाची झुडपं शोधावीत तशी आपण ही जागा हुंगत हुंगत शोधली असेल. जिथे आपलं गार असणं कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी एकच जागा या शहरात होती आणि आपण बरोब्बर तिथे जाऊन बसलो. घरात ते लपत नसे. ज्याच्याशी लग्न केलं होतं तो माणूस तसा वाईट नव्हता. आळशी होता, जेवताना तोंडाचा आवाज करायचा, पण वाईट नव्हता. त्याने झोपेत एकदा तिचा पाय लाथेने दूर लोटला आणि म्हणाला, "मढ्यासारखे पाय आहेत तुझे." सकाळी त्याला काही आठवत नव्हतं. ते लग्न मोडायला आणखी बरीच कारणं झाली, कोर्टात ती सगळी सांगितली गेली. हे सांगितलं गेलं नाही. पण खरं मोडलं ते त्या वाक्यावर. तेव्हापासून ती दोन मोजे घालून झोपते. आणि त्यानंतर घरी परत आली ती आईकडेच. जाणार कुठे.

आई. घरी आई आणि शाळेत बाई. एकाच इमारतीच्या फाटकातून आत शिरलं की आईची बाई व्हायची, फाटकाबाहेर पडलं की बाईची आई, आणि मधल्या वेळात चुकून "आई" अशी हाक तोंडातून गेली तर बाईंना ऐकूच यायची नाही. बाई खेळ शिकवायच्या. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, हातात स्टॉपवॉच. चुन्याने आखलेल्या मैदानावर सकाळी मुलींनी रांगेत उभं राहायचं आणि फेऱ्या मारायच्या. पहिली फेरी ती सगळ्यांबरोबर असे. दुसऱ्या फेरीत, झाडाच्या वळणाशी, तिच्या पोटऱ्यांत कोणीतरी ओली वाळू भरायला लागायचं. दुखणं असं नव्हे ते. दुखणं सांगता येतं. पाय आपले राहायचे नाहीत, जड व्हायचे, आतून चावायचे, आणि तीच थांबलेली असायची, गुडघ्यांवर हात टेकून. मग शिट्टी. "नाटकं पुरे." ती पळायची. पुन्हा वाळू. पुन्हा शिट्टी. थांबलं की दोन श्वासांत पाय मोकळे व्हायचे, हेच तर नडलं. खरं दुखणं असं पटकन जातं का? लंगडायला शिकायला हवं होतं. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

बाई वाईट नव्हत्या, असं अजून त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी रस्त्यात भेटल्या की सांगतात, आणि ते खरंही असेल. कोणाचा घोटा मुरगळला, कोणाला ताप वाटला, कोणाच्या पोटात दुखलं, की बाई जवळ जायच्या, हनुवटी धरून तोंड वर करायच्या, एकदा डोळ्यांत बघायच्या आणि म्हणायच्या, "बाहेर बस." बस, इतकंच. आवाज खाली आणून. ती मुलगी मग आखलेल्या रेषेच्या बाहेर, झाडाखालच्या बाकावर जाऊन बसायची, बाईंचा स्वेटर कधी कधी तिच्या खांद्यांवर यायचा, आणि बाकीच्या पळायच्या. त्या बाकाचं तिला लहानपणभर वेड होतं. दुसऱ्या पोरी बाहुल्या मागतात, सायकल मागतात. तिला तो बाक हवा होता. ते दोन शब्द हवे होते. पण बाईंच्या मुलीला सूट दिली असती तर लोक काय म्हणाले असते? म्हणून तिला कधी कोणी बाहेर बसवलं नाही. नाकातून रक्त आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "पाणी मार, मान वर कर, चल." डोकं फुटेल असं ठणकत होतं तेव्हा म्हणाल्या, "ऊन सगळ्यांनाच लागतंय."

आणि मग ते नाडीचं. फेऱ्या संपल्या की सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, मानेवर, जबड्याच्या खाली, दोन बोटं ठेवायची. बाई स्टॉपवॉच दाबायच्या, मुली ओठांतल्या ओठांत मोजायच्या. काही मुलींना नाडी सापडतच नसे, त्या रडकुंडीला यायच्या. मग बाई तिला गोलाच्या मधे ओढायच्या, तिची मान उजेडाकडे वळवायच्या. तिच्या गळ्यावर नाडी बोटाशिवाय दिसायची, टुणटुण उडताना. "हिची बघा," बाई म्हणायच्या, "आंधळ्यालासुद्धा सापडेल. अशी हवी नाडी." स्वतःची दोन बोटं तिच्या मानेवर ठेवून त्या मोजून दाखवायच्या. तेवढाच काय तो त्यांचा हात तिला लागायचा, मैदानावर, रोज. तिला ते आवडायचं. आवडायचं हे आठवून आता, भर रस्त्यात, तिच्या तोंडाला कडू पाणी आलं. कारण बोटं काढून घेताना बाई नेहमी एक वाक्य म्हणायच्या आणि सगळ्या मुली त्याची वाटच बघत असायच्या. "इंजिन दणकट आहे. ड्रायव्हर आळशी आहे." हशा. बाई ते पहिल्यांदा म्हणाल्या त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत तिचं नाव ड्रायव्हरच राहिलं. ए ड्रायव्हर, चल. ड्रायव्हर, ब्रेक मारलास का? हसणाऱ्या मुलींमध्ये पुढे-पुढे करणाऱ्या दोघीतिघी आज कुठे असतील, त्यांच्या पायांच्या शिरा फुगून वेटोळी झाली असतील, अशी तिला आशा होती.

गोळा आला तो असाच, पळता येत नाही म्हणून. बाईंची नजर तिच्या खांद्यांवर गेली. खांदे रुंद होते, दंड भरलेले, आणि खाली काड्या. "वरती काय ताकद आहे पोरीत," बाई म्हणाल्या, "ती तरी वाया नको जायला." मग रोज, घरी आणि शाळेत, तळहातावर लोखंडाचा वास. गोळा मानेला टेकवायचा, त्याच जागी, जबड्याच्या खाली. वाकायचं, दम कोंडायचा, वळायचं, ढकलायचं. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि गोळा दूर जाऊन पडायचा. पदकं आली. मोठ्या स्पर्धांतलं दुसऱ्या नंबरचं आलं तेव्हा आईने काचेचं कपाट घेतलं. ते कपाट अजून दिवाणखान्यात आहे. आई दर आठवड्याला एकेक पदक मऊ फडक्याने पुसते आणि पुसताना गुणगुणते. तिच्याकडे बघून आई कधी गुणगुणली असेल असं तिला वाटत नव्हतं. आज कळलं की रुंद खांदे आणि काड्यांचे पाय ही ताकदही नव्हे आणि आळसही नव्हे. वर धो धो, खाली ठिबक. आई इतकी वर्षं तिचा आजार पुसत बसली होती.

"तुझी पदकं म्हणजे माझा आजार आहे." पहिल्या चौकात हे वाक्य तयार झालं. दुसऱ्या चौकात तिने ते बदललं. "तू मला मारलंच असतंस. डॉक्टर म्हणाले." हे जास्त बरं होतं, थेट होतं. मग वाटलं, आधी काही बोलायचंच नाही, फिल्म उजेडावर धरायची, आणि आई विचारेल, हे काय, तेव्हा सावकाश सांगायचं. आईचं तोंड कसं होईल ते तिने डोळ्यांपुढे आणून बघितलं. पण आईचं तोंड काही केल्या होईना. दरवेळी बाईंचंच व्हायचं, डोळ्यांवर हात धरून उन्हात बघणारं. आणि या सगळ्या वाक्यांच्या तळाशी एक लहानसं, लाजिरवाणं वाक्य होतं, ते तिला मुळीच नको होतं, तरी ते जिना चढताना प्रत्येक पायरीवर वर येत होतं. मी आळशी नव्हते, असं एकदा म्हण.

दार उघडलं तोच आतून शिट्टी वाजली. आईचे गुडघे गेल्यापासून ती खिडकीपाशी खुर्चीत बसते आणि काही हवं असलं की शिट्टी वाजवते. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा. शेजाऱ्यांना मोठी गंमत वाटते. आत्ता दोन वाजल्या.

"किती उशीर? चहाची वेळ टळली," आई म्हणाली. "आणि हे बगलेत काय?"

ती काही न बोलता गेली, पाकिटातून फिल्म काढली आणि खिडकीच्या काचेवर धरली. ठरवल्याप्रमाणे. आईने चष्मा चढवला, मान पुढे केली.

"फासळ्या चांगल्या रुंद आहेत," आई म्हणाली. "कोणाचा फोटो आहे?"

"माझा."

मग तिने सांगितलं. सावकाश सांगायचं होतं, पण तसं काही झालं नाही. छत्रीची मूठ, चिमटा, जन्मतःच, वर धो धो, खाली ठिबक, खाचा, मेंदूतली नस, मैदानावर तिथल्या तिथे, आणि मग रस्ताभर घासलेली दोन्ही वाक्यं एकामागून एक, भांडी पडावीत तशी. बोलता बोलता आवाज चढला. कानशिलं ठणकू लागली. आई फिल्मकडे बघत होती.

"या डॉक्टरने कधी गोळा हातात धरलाय?" आईने शेवटी विचारलं.

"आई!"

"नाही, सांग ना. नळी चिमटलेली काय तू एकटीच जन्मलीस? असतील की ढिगाने. त्यातल्या किती जणींनी मोठ्या स्पर्धांत नंबर काढला? खांद्याने गोळा जात नाही. खांदे हमालालाही असतात. तंत्राने जातो. शिकवलं मी, पण शिकलीस तू. पावसात, तापात, हाताची साल निघेस्तोवर. आणि आता तो कोण म्हणतोय, आजार फेकत होता म्हणे. मूर्ख माणूस."

असं आई कधी बोलली नव्हती. शिकलीस तू, हे शब्द त्या काचेच्या कपाटासमोर या घरात कधी उच्चारले गेले नव्हते. कधीकाळी यासाठी तिने दुसरा हातही सोलून घेतला असता. आत्ता मात्र तिला वाटलं, ही पुन्हा जिंकते आहे. मी मागायला आले ते न देता भलतंच काहीतरी हातात कोंबते आहे, आणि तेही मी परत करू शकणार नाही असं.

"मला पदकांचं नको सांगूस," ती म्हणाली. "पळायचं सांग. झाडाच्या वळणाचं. मी आळशी होते का?"

आई कपाटाकडे बघू लागली.

"ड्रायव्हर आळशी होता का, बाई?"

घरात तिने आईला बाई म्हणायची ही पहिलीच वेळ. आईचा चेहरा जरा हलला, मग पुन्हा घट्ट झाला. "मी काय डोळे मिटून पळवत होते का तुला?" आई म्हणाली. "रोज बघत होते. रोज. तुझी नाडी मी बघितली तेवढी दुसऱ्या कोणाची नाही बघितली. नाडीत खोट असती तर माझ्या बोटांना कळलं नसतं?"

"मानेची बघत होतीस. मान वर आहे, आई. चिमटा तिच्या पुढे आहे. तिथे दणदणीतच लागणार. अख्ख्या अंगात जिथे सगळं ठीक होतं तेवढीच एक जागा तू रोज बघितलीस."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. आई आपल्या उजव्या हाताच्या दोन बोटांकडे बघत होती. मग तिने समोरचं स्टूल काठीने ओढलं.

"बस. पाय वर घे. माझ्या मांडीवर."

"कशाला?"

"दाखव मला."

ती बसली, ते आईला खोटं पाडायचं होतं म्हणून. पाय आईच्या मांडीवर ठेवला. आईने एक मोजा काढला, खाली दुसरा मोजा निघाला, तोही काढला. पाऊल हातात घेतलं आणि हात क्षणभर मागे गेला, नकळत, गार भांड्याला लागावा तसा. तो क्षण तिने नीट बघून ठेवला. आपल्याला हेच हवं होतं असं तिला वाटलं, आणि ते मिळाल्यावर काही सुख झालं नाही.

"तू मानेची धर," आई म्हणाली. "मोठ्याने मोज."

"आई, हे काय खूळ आता."

"धर म्हणते ना."

तिने दोन बोटं जबड्याखाली ठेवली. शोधायला लागलीच नाही, आपणहून बोटांवर येऊन आदळली. "एक," ती म्हणाली. "दोन. तीन." आईची बोटं पावलाच्या वरच्या बाजूला होती, मधल्या हाडाशेजारी. कुठे ठेवायची ते तिला माहीत होतं, इतकी वर्षं माहीत असणार. नजर समोरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर, ओठ मोजायच्या तयारीत, जरासे उघडे. ओठ हलले नाहीत. बोटं घोट्यामागे गेली. तिथे दाबली, सैल केली, पुन्हा दाबली. "अकरा. बारा." आईचे हात म्हातारे झाले होते, नखं मात्र मैदानावर असत तशीच आखूड कापलेली. बोटं गुडघ्याच्या मागच्या खळग्यात शिरली. आईचं अंग पुढे वाकलं, स्वतःचा गुडघा कळवळला असावा, तिने दात आवळले, पण बोटं काढली नाहीत. "वीस. एकवीस." मोजता मोजता तिला आपलाच आवाज त्या गोलात उभ्या असलेल्या मुलींसारखा वाटू लागला, एका सुरातला, आज्ञाधारक. थांबावं, पाय ओढून घ्यावा, पटलं का म्हणून ओरडावं, असं मनात येत होतं, आणि ती मोजत होती. आई पुन्हा पावलावर आली. पुन्हा सुरुवातीच्या जागी. सेकंदकाटा फिरून वर येऊन पुढे गेला. आई अजूनही मोजायला काहीतरी मिळेल म्हणून थांबली होती.

"थांब," आई म्हणाली.

ती थांबली. मानेवरची बोटं तिने काढली नाहीत. आता आई नक्की म्हणेल, वयामुळे माझी बोटं बधिर झालीत. आता म्हणेल, उजेड कमी आहे. तिने उत्तरंही तयार ठेवली, एकाहून एक जहरी.

आईने पाऊल सोडलं नाही. दुसरा हात लांब करून तिची हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि एकदा तिच्या डोळ्यांत बघितलं.

"बाहेर बस," ती म्हणाली. आवाज खाली आणून.

उठून तरी कुठे जायचं. ती बसलेलीच होती.